मदत हवी आहे: काओश्युंग (दक्षिण तैवान), ज्येष्ठांसोबत पाच दिवस. काय बघावं, काय वगळावं?

अनघा_प

नमस्कार मंडळी. आई (66) आणि बाबा (71) यांना घेऊन काओश्युंगला जायचं ठरतंय. तारखा अजून हातात आहेत, सध्या 1 ते 7 फेब्रुवारी 2027 डोक्यात आहे. मुंबई ते तैपेई आणि तिथून हायस्पीड रेल्वेने खाली, असा विचार आहे. बाबांचा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालतात, पण जिने नकोत. आईला दम्याचा त्रास आहे. दोघं शाकाहारी, अंडं चालत नाही, कांदा-लसूण चालतो.

यादीत सध्या एवढं आहे: फो कुआंग शानचा मोठा बुद्ध, तैनान, आलीशानचा डोंगर (बाबांना छोट्या रेल्वेची भारी हौस), केंतिंगचा समुद्रकिनारा, श्याओ ल्यूछ्यू बेट. पाच दिवसांत बसेल का? व्हिसाचंही सांगा. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, पण दोन वर्षांपूर्वी संपलेला.

रुळावरचा_माणूस

आधी तारखा बदला. 2027 मध्ये चांद्र नववर्ष 6 फेब्रुवारीला आहे. आपल्याकडे गणपतीला कोकण रेल्वेची जी अवस्था असते, तीच तिथे त्या आठवड्यात असते. अख्खं तैवान गावी निघतं, गाड्या भरलेल्या, हॉटेलं महाग, छोटी दुकानं बंद. शिवाय नववर्षापासून पुढे फो कुआंग शानला दिव्यांचा उत्सव सुरू होतो, त्या गर्दीत गुडघेदुखीवाल्यांचं काम नाही. जानेवारीचा तिसरा आठवडा धरा.

दुसरं, तैपेईला उतरायची गरजच नाही. काओश्युंगला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. हाँगकाँग किंवा सिंगापूरला विमान बदलून थेट तिथे उतरता येतं. विमानतळाखालीच मेट्रोच्या लाल मार्गाचं स्टेशन (आर 4) आहे आणि शहराच्या मधोमध असलेलं फोर्मोसा बुलेवार्ड (आर 10) तिथून पंधरा-वीस मिनिटांवर.

तिकिटात मोठा फरक पडल्यामुळे तैपेईच घ्यावं लागलं, तर लक्षात ठेवा की तो विमानतळ मुळात ताओयुआनला आहे. तैपेई शहरात जाऊन परत दक्षिणेला निघणं म्हणजे उलटा फेरा. विमानतळ मेट्रोने ए 18 या स्टेशनला जायचं, साधारण वीस मिनिटं, 35 डॉलर (इथून पुढे डॉलर म्हणजे तैवानी, एकाचे अडीच ते तीन रुपये). तिथेच हायस्पीडचं ताओयुआन स्टेशन आहे. इथे हमखास चूक होते ती अशी: प्लॅटफॉर्मवर जांभळी गाडी आली की लोक एक्स्प्रेस म्हणून चढतात, आणि ती तैपेईला जाते. तुम्हाला निळी, सगळीकडे थांबणारी गाडी हवी, तीही विरुद्ध दिशेची.

ताओयुआन ते त्स्वोयिंग (काओश्युंगचं हायस्पीड स्टेशन) साध्या आरक्षित डब्याचे 1330 डॉलर. आरक्षण 28 दिवस आधी उघडतं. लवकर काढणाऱ्यांना ठरावीक गाड्यांवर 35 टक्क्यांपर्यंत सूट असते, पण ती तिकिटं मर्यादित असतात. आई-बाबांसाठी ‘ज्येष्ठ नागरिक’ हा पर्याय निवडू नका. निम्म्या दराचं ते तिकीट तैवानी नागरिकांसाठी आहे, पासपोर्ट दाखवून चालत नाही.

आणि स्टेशनांच्या नावांचा घोळ. हायस्पीड रेल्वे काओश्युंग मुख्य स्टेशनला जातच नाही, त्स्वोयिंगला संपते. त्याला लागून साध्या रेल्वेचं जे स्टेशन आहे त्याचं नाव ‘शिन त्स्वोयिंग’, म्हणजे नवं त्स्वोयिंग. आणि नुसतं ‘त्स्वोयिंग’ (जुनं शहर) नावाचं साध्या रेल्वेचं आणखी एक स्टेशन आहे, पुढचंच. टॅक्सीवाल्याला नुसतं त्स्वोयिंग म्हणालात तर तो कुठेही नेईल. फोनवर चिनी लिपीतलं नाव दाखवा.

मीनल_ग

व्हिसाचं: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, शेंगेन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांपैकी कुठलाही व्हिसा चालू असेल किंवा संपून दहा वर्षांच्या आत असेल, तर भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन प्रवास परवाना मिळतो. फुकट आहे आणि एका खेपेला 14 दिवस राहता येतं. तुमचे आई-बाबा त्यात बसतात. फक्त अर्जात जुन्या व्हिसाचा क्रमांक आणि नाव पासपोर्टबरहुकूम हवं. वडिलांचं नाव मधल्या रकान्यात जाऊन घोटाळा होतो, तेवढं जपा. ज्यांच्याकडे असा व्हिसा नाही त्यांना रीतसर अर्ज करावा लागतो. त्यासाठी आता दिल्ली-चेन्नई गाठायला नको, 2024 पासून तैवानचं कार्यालय मुंबईतही आहे.

विमानात मिळणारं आगमनाचं कागदी कार्ड ऑक्टोबर 2025 पासून बंद झालंय. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं. तेही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

सामानात लाडू, चिवडा, थालीपीठाची भाजणी खुशाल न्या. ताजी फळं आणि कढीपत्ता नको.

अनघा_प

बापरे, नववर्षाचं लक्षातच आलं नव्हतं. मग सोमवार 18 जानेवारीला दुपारी थेट काओश्युंगला उतरून रविवार 24 ला परत, असं करते. म्हणजे मंगळ ते शनी पूर्ण पाच दिवस. आता यादीतलं काय उडवू?

दक्षिणवारा

केंतिंग उडवा. त्स्वोयिंगहून बस (9189, केंतिंग एक्स्प्रेस) चांगली आहे, पण एका बाजूचे सव्वादोन-अडीच तास लागतात. खरं कारण मात्र वारा. ऑक्टोबर ते एप्रिल त्या टोकाला ‘लुओ-शान-फंग’ नावाचा डोंगरउतारावरून कोसळणारा वारा असतो. ईशान्य मोसमी वारे मधल्या पर्वतरांगेला अडतात, आणि दक्षिणेला जिथे डोंगर बुटके होतात तिथून ओसंडून खाली येतात. किनाऱ्यावर वाळू तोंडावर बसते. दम्याच्या माणसाला हे कशाला?

आलीशान एका दिवसात होत नाही. होतं असं सांगणारे फक्त बसमध्ये बसून येतात. त्स्वोयिंग ते च्यायी हायस्पीडने अर्धा तास, पुढे घाटातून बस अडीच तास, आणि तेवढंच परत. सूर्योदय बघायचा म्हणजे वर मुक्काम हवाच. उंची 2200 मीटर, जानेवारीत पहाटे गोठवणारी थंडी. ती छोटी गाडी (762 मिलिमीटर गेज, आपल्या माथेरानची 610) जुलै 2024 पासून पुन्हा च्यायीपासून थेट वरपर्यंत जाते, पण चार तासांहून जास्त घेते आणि तिकिटं उघडल्या उघडल्या संपतात. पुढच्या खेपेला दोन रात्री राखून करा. बाबांच्या हौसेवर उतारा शहरातच आहे.

श्याओ ल्यूछ्यू थंडीत बंद नसतं. तोंगकांगहून बोट अर्ध्या तासाच्या आत पोचवते. अडचण बेटावर फिरायची आहे. सगळं स्कूटरच्या हिशेबाने बांधलेलं, आणि समुद्री कासवं बघायची जागा म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरून उतरायचं. गुडघ्याला नाही परवडणार.

उरलं फो कुआंग शान, तैनान आणि खुद्द शहर. पाच दिवसांना ते भरपूर आहे, उगाच भर घालू नका.

दक्षिणवारा

(आधीच्यात राहिलं.) दमा आहे म्हणून एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हिवाळ्यात काओश्युंगला पाऊस जवळजवळ नसतो, हवा 16 ते 24 अंश, आपल्या पुण्याच्या डिसेंबरसारखी. पण हाच काळ धुरकट हवेचा. ईशान्य वारा डोंगरांच्या पलीकडेच अडतो आणि अलीकडच्या बाजूला हवा कोंडते. त्यात कारखाने आणि बंदराचा धूर. काही दिवशी समोरचा डोंगरही दिसत नाही. रोज सकाळी हवेचा निर्देशांक बघा. 100 च्या आत असेल तर बंदर आणि तळं, 150 च्या वर गेला तर दिवस बदलून आत बसायचं काम काढा. इन्हेलर सामानात नाही, हातातल्या पिशवीत.

रुळावरचा_माणूस

दिवसांची मांडणी नकाशावरून करू नका, सुट्टीच्या वारांवरून करा. तिथे प्रत्येक जागेचा वार वेगळा. फो कुआंग शानचं बुद्ध संग्रहालय मंगळवारी बंद. तैनानचं छीमेई संग्रहालय बुधवारी बंद. रुईफंग रात्रबाजार सोमवारी आणि बुधवारी बंद. वीकएंडला छीचिन बेटाच्या फेरीबोटीला रांग. हे चार खिळे ठोकले की दिवस आपोआप पडतात:

मंगळवार बंदर आणि पिअर-टू (तिथली जुनी गोदामं). बुधवार बुद्ध. गुरुवार तैनान. शुक्रवार सकाळी छीचिन. शनिवार कमळतळं आणि आराम. हवा बिघडली तर मंगळवार आणि शुक्रवार हे बदलायचे दिवस, बुधवार-गुरुवारला हात लावू नका.

बाबांसाठी मंगळवारच महत्त्वाचा. मेट्रोच्या केशरी मार्गाचं शेवटचं स्टेशन हामासेन (ओ 1). जुन्या नकाशांत त्याचं नाव सित्झुवान असेल, 2024 मध्ये बदललं. बाहेर पडलं की समोर जुन्या काओश्युंग बंदर स्टेशनचं आवार: जुने रूळ, इंजिनं, छोटंसं रेल्वे संग्रहालय. तिथून रुळांच्या बाजूने सपाट चालत पिअर-टूच्या गोदामांकडे गेलं की हामासेन तैवान रेल्वे दालन लागतं. आत अख्ख्या तैवानची रेल्वे 1:87 प्रमाणात मांडलेली आहे, डोंगर-पूल-स्टेशनांसकट, आणि बाहेर माणसं बसवून फिरवणारी छोटी आगगाडी. आलीशानची हौस पूर्ण फिटणार नाही, पण दोन तास बाबा तिथून हलणार नाहीत, हे लिहून ठेवा.

परतताना लाइट रेल घ्या. जानेवारी 2024 ला तिचं वर्तुळ पूर्ण झालं. तिला फाटक नसतं, प्लॅटफॉर्मवर किंवा डब्यात कार्ड आपणच टेकवायचं. विसरलात आणि तपासनीस आला तर ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला तिथेच बंदरातला पादचारी पूल फिरतो. 110 मीटरचा पूल काही मिनिटांत आडवा वळून होड्यांना वाट देतो. पावणेतीनला धक्क्यावर बसून घ्या.

भातुकली

खाण्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

तैवानात शाकाहार सोपा आहे, पण आपला नव्हे, त्यांचा. शब्द ‘सू’. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी खातो/खाते. दुकानाच्या पाटीवर स्वस्तिकाचं चिन्ह (आपल्यापेक्षा उलट वळणाचं) दिसलं की बौद्ध शाकाहारी खाणावळ समजा. त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे तुमच्याकडचे जैन मित्रही बिनधास्त जेवतील. पाकिटबंद वस्तूंवर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: शुद्ध, अंड्याचा, दुधाचा, अंडं-दूध दोन्हींचा, आणि कांदा-लसूणवाला. तुम्हाला पहिला आणि तिसरा चालेल. पाचव्यात अंडंही असू शकतं, घटक बघून घ्या. अंडं म्हणजे ‘तान’, दूध म्हणजे ‘नाय’.

फसगत कुठे होते ते बघा. साध्या दुकानात ‘नुसती उकडलेली पालेभाजी’ मागितली तरी वरून डुकराच्या चरबीत तळलेला कांदा घालतात, तोच तिथला तडका. सुपाचं पाणी हाडांचं असतं. ‘मांस नको’ म्हणालं की तुकडे काढून देतात, रस्सा तोच. म्हणून ‘मांस नको’ हे वाक्य विसरा, ‘सू’ म्हणा. नकली मांस सोयाबीन किंवा गव्हाच्या चिकाचं असतं, पण बांधायला कधी अंड्याचा पांढरा बलक घालतात, विचारून घ्या. वासाच्या टोफूच्या खारवणात कोळंबी असू शकते, तो सोडा. आणि तसाही पहिल्या दिवशी कुणाला नको असतो.

सगळ्यात सोयीची शाकाहारी बुफे खाणावळ: ताटात वाढून घ्या, वजनावर किंवा नजरेने पैसे. साडेअकरापर्यंत पोचा. दीडनंतर रिकामी भांडी दिसतात, आणि संध्याकाळी साडेसातला शटर. आपली जेवणाची वेळ तिथे चालत नाही. शुक्रवारी 22 तारखेला पौर्णिमा आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ तैवानी लोक एकादशी पाळावी तसे शाकाहार पाळतात, म्हणून त्या दुपारी सू खाणावळींत रांग असेल. अकरालाच जा.

अडीअडचणीला कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये भाजलेलं रताळं असतंच.

अनघा_प

मीनल, भातुकली, खूप आभार. आता बुधवार-गुरुवार जरा सविस्तर सांगाल का? आणि तैनानला हायस्पीडने जायचं ना?

रुळावरचा_माणूस

नाही! हीच सगळ्यांची चूक. हायस्पीड त्स्वोयिंगहून तैनानला बारा-पंधरा मिनिटांत नेते, पण तिचं तैनान स्टेशन शहराबाहेर रानात आहे. पुढे शालुन फाट्याच्या गाडीने पंचवीस मिनिटं, ती अर्ध्या तासाने एक. काओश्युंग मुख्य स्टेशनहून साधी रेल्वे तैनानच्या पोटात सोडते: जलद गाडी 35 मिनिटांच्या आसपास, लोकल तासभर.

तुम्ही जाताना लोकलच घ्या, कारण आधी बाओआनला उतरायचंय. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. जुनं लाकडी स्टेशन आहे. युंगखांग ते बाओआन हे तिकीट लोक आठवण म्हणून विकत घेतात, कारण दोन्ही नावांची अक्षरं जुळवली की ‘सदा सुखरूप राहा’ असा आशीर्वाद होतो. तिथून दहा मिनिटं सपाट चाललं की छीमेई संग्रहालय, साडेनऊला उघडतं, 200 डॉलर. युरोपीय चित्रं, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी आणि स्ट्रादिवारीसकट व्हायोलिनांचा मोठा संग्रह. सगळं बघायला गेलात तर दिवस संपेल, साडेबाराला उठा. पुन्हा लोकलने तैनान, आठ-दहा मिनिटं.

भटकी_मांजर

तैनानच्या दुपारी दोनच गोष्टी. आधी 1665 चं कन्फ्यूशियस मंदिर: सपाट, झाडांची सावली, बसायला जागा. तिथून जवळच 1932 चं हायाशी डिपार्टमेंट स्टोअर. लिफ्ट आहे (दक्षिण तैवानातली पहिली), गच्चीवर छोटं शिंतो देऊळ आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या खुणा जशाच्या तशा.

मग टॅक्सीने आनपिंगचा किल्ला. मुलांना-मोठ्यांना सांगायला एक धागा: वेंगुर्ल्याची पडकी डच वखार ज्या कंपनीची, त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीने 1624 मध्ये हा झीलँडिया किल्ला बांधायला घेतला. 1661-62 च्या वेढ्यानंतर चिनी सेनानी चेंग छेंग-कुंग, म्हणजे कोशिंगा, याने तो घेतला. पण फोटोत दिसणारा लाल विटांचा चौथरा आणि वरचा टेहळणी मनोरा डच नाही, ते नंतरचं काम. खरी डच भिंत बाहेरच्या बाजूला, वडाच्या मुळांनी पकडलेली उभी आहे. बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून आइस्क्रीम खातात. मनोरा चढायची गरज नाही.

स्सूत्साओचा खारफुटीचा बोगदा (होडीत अर्धा तास, गुडघ्यांना त्रास शून्य) सुंदर आहे, पण तो छीमेईच्या बदल्यात. दोन्ही कोंबलंत तर संध्याकाळी आईंची दमछाक होईल.

दक्षिणवारा

बुधवार: त्स्वोयिंग हायस्पीड स्टेशनबाहेरून ‘हाफो एक्स्प्रेस’ बस थेट बुद्ध संग्रहालयाला जाते, पाऊण तासाच्या आत. प्रवेश फुकट. काही बस मठाजवळही थांबतात, तिथे उतरू नका. भिक्षू शिंग युन यांनी 1967 मध्ये स्थापलेला मूळ मठ चढावर आणि पायऱ्यांचा आहे. संग्रहालय (2011) शेजारीच पण सपाट. प्रवेशाच्या इमारतीपासून मुख्य सभागृहापर्यंत दोन्ही हातांना चार-चार मनोरे, आणि कडेने छत असलेल्या वाटा. मधल्या उन्हातून फोटोपुरतं जा, चालायचं कडेने. पायऱ्या दिसल्या की बाजूला लिफ्ट शोधा, बहुतेक ठिकाणी आहे. मागचा बसलेला बुद्ध बैठकीसकट 108 मीटर.

जेवण तिथेच, सगळं शाकाहारी, कॉफीचं दुकानसुद्धा. बाहेरून मांसाचं काही आत न्यायचं नाही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढून घ्या. उतरत्या दुपारी सगळे एकदम निघतात, त्याआधीची एक बस पकडली तर बसायला जागा मिळते.

शुक्रवारची छीचिनची फेरीबोट हामासेन स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांच्या कूशान धक्क्यावरून. खालच्या डेकवर स्कूटरी चढतात, त्यांच्या रांगेत उभे राहू नका, माणसांची वेगळी. पलीकडे बाजाराची गल्ली, 1673 चं समुद्रदेवीचं देऊळ आणि काळ्या वाळूचा किनारा, सगळं दहा मिनिटांच्या सपाट चालीत. दीपगृह आणि किल्ला टेकडीवर, तो वगळा. परतताना जुन्या ब्रिटिश वकिलातीचंही तसंच: साहेबाचा बंगला वर, कचेरी खाली बंदराच्या काठाला. खालची बघा.

शनिवारी कमळतळ्यावर ड्रॅगनच्या तोंडातून शिरायचं आणि वाघाच्या तोंडातून बाहेर यायचं, उलट केलं तर अपशकुन समजतात. मनोऱ्यांचे सात मजले चढायची सक्ती नाही, आत-बाहेर केलं की पुण्य पदरात.

मीनल_ग

मेट्रोत पिवळ्या रेषेपलीकडे खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोट आणि च्युइंगमसुद्धा. दंड 1500 डॉलरपासून. आईंना औषध घ्यायचं असेल तर रेषेच्या अलीकडे. आयपास (प्रवासाचं टेकवायचं) कार्ड 100 डॉलर (ते परत मिळत नाहीत), प्रत्येकाला वेगळं, भरणा रोखीने.

अनघा_प

सगळं वहीत उतरवलं. शेवटचा प्रश्न बाबांचा: घरची छोटी इलेक्ट्रिक किटली नेली तर खोलीत आल्याचा चहा होईल का?

रुळावरचा_माणूस

तिथे वीज 110 व्होल्ट आणि पिन दोन चपट्या. फोनचे चार्जर चालतात, फक्त अडॅप्टर लावा. पण 230 व्होल्टची किटली 110 वर लावली की ताकद जेमतेम पावपट उरते. पाणी कोमट होत बसेल, उकळायला फार वेळ लागेल. हॉटेलच्या खोलीत त्यांची किटली बहुधा असते, आणि स्टेशनं-संग्रहालयांत गरम पाण्याचे नळ आहेत, थर्मास न्या.

भातुकली

आणि आलं इथून नेऊ नका, ताजं मूळ म्हणून काढून घेतील. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, ‘च्यांग’ म्हणा. चहापत्ती मात्र न्या, त्यांच्या चहात दूध घातलं तर बाबा रुसतील.